तेलाच्या शिखराचे गणित



जगातले खनिज तेल संपणार केव्हा, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा विचारलेला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. तेल पुरतेपणी कधीच संपणार नाही. ते तळ्यासारखे साठलेले नसते, खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. एखाद्या क्षेत्रातले साधारण तिसरा हिस्सा तेल बाहेर येते आणि बाकीचे खडकालाच चिकटून राहते. शेवटचे पिंप बाहेर काढण्याइतका खर्च कोणताही शहाणा माणूस करणार नाही.

खरा प्रश्न ह्याहून निराळा आहे. उन्हाळ्यात गावची विहीर आटते तेव्हा गावाची पंचाईत तळ दिसतो त्या दिवशी सुरू होत नाही. पोहरा कालच्यापेक्षा उशिरा भरू लागतो त्या दिवशी ती सुरू होते. तेलाचेही तसेच. दरसाल वाढत जाणारे उत्पादन ज्या वर्षी वाढायचे थांबते आणि उतरणीला लागते, ते वर्ष महत्त्वाचे. त्याला शिखर म्हणतात. हे वर्ष आधी सांगता येईल काय, आणि सांगायचे तर कोणत्या गणिताने, हा आजचा विषय आहे.

असले गणित तेलाच्या आधी कोळशाचे झाले. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या तिशीच्या उंबरठ्यावरच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. १८६१ साली ब्रिटनच्या खाणींतून ८ कोटी ३६ लाख टन कोळसा निघाला होता आणि उत्पादन दरसाल शेकडा साडेतीन ह्या चालीने वाढत होते. जेव्हन्सने हीच चाल कागदावर शंभर वर्षे पुढे नेली, तेव्हा १९६१ सालचा आकडा आला २६० कोटी टन. असे घडेल असे त्याचे म्हणणे नव्हते. असे घडणे शक्य नाही, हेच त्याला दाखवायचे होते. प्रत्यक्षात ब्रिटनचा कोळसा १९१३ साली २८ कोटी ७० लाख टनांवर पोहोचला, तेथून उतरला, आणि २०१५च्या डिसेंबरात तेथील शेवटची खोल खाण बंद झाली. जमिनीत कोळसा आजही आहे. उतरण लागणार हे जेव्हन्सला कळले होते, परंतु तिचे वर्ष सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

ते साधन आपल्यापाशी आहे असे ज्याने ठामपणे सांगितले त्याचे नाव मॅरियन किंग हबर्ट. १९०३ साली टेक्सासमधील सान साबा येथे जन्मलेल्या ह्या गृहस्थाने शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गणित असे तिन्ही विषय अभ्यासले, आणि पुढे शेल कंपनीच्या ह्यूस्टन येथील संशोधनशाळेत नोकरी धरली. मार्च १९५६ मध्ये सान अँटोनिओ येथे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची सभा भरली होती. तेलाच्या धंद्यातली मोठमोठी मंडळी समोर बसलेली. त्यांच्यापुढे हबर्टने सांगितले की अमेरिकेचे तेलाचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठील आणि मग घटू लागेल. भाषण सुरू होण्याच्या थोडे आधी कंपनीच्या मुख्य कचेरीतून फोन आला आणि ही भडक विधाने गाळण्याची सूचना झाली, अशी हकीकत सांगतात. हबर्टने ती मानली नाही. त्याच्या निबंधाच्या मथळ्यात अणुशक्तीचे नाव पहिले होते. तेल ओसरेल तेव्हा अणुशक्ती त्याची जागा घेईल अशी त्याची उमेद होती, आणि ते भाकीत मात्र आज कोणी आठवत नाही.

त्याची रीत सातवीतल्या मुलालाही समजेल इतकी साधी होती. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वर्षे मांडा आणि उभ्या रेषेवर त्या त्या वर्षीचे उत्पादन. उत्पादनाची रेघ शून्यापासून निघाली आहे, हे इतिहास सांगतो. वस्तू मर्यादित असल्यामुळे केव्हातरी ती शून्याला टेकणार, हे तर्क सांगतो. आणि रेघेखाली जेवढे क्षेत्रफळ भरेल तेवढेच तेल एकंदरीत निघणार, हे भूमिती सांगते. हबर्टने कागदावरचा एक चौकोन २५ अब्ज पिंपांचा धरला. पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. अमेरिकेत अखेरपर्यंत एकूण १५० अब्ज पिंपे निघतील असे धरले तर रेघेखाली सहा चौकोन बसले पाहिजेत, आणि २०० अब्ज धरले तर आठ. त्यांपैकी दोन चौकोन १९५५ अखेर वापरून झालेले होते. उरलेले चौकोन भरतील अशी सुबक रेघ काढायची म्हटली, तर सहा चौकोनांची रेघ १९६५च्या सुमारास वळते आणि आठ चौकोनांची १९७०च्या सुमारास.

येथे क्षणभर थांबा, कारण माझ्या मते हबर्टचे सर्वांत मोठे देणे हे आहे आणि त्याच्याकडेच फार थोड्यांनी लक्ष दिले. सहा चौकोन आणि आठ चौकोन ह्यांत अंतर ५० अब्ज पिंपांचे. १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात पहिली विहीर लागल्यापासून जवळजवळ शंभर वर्षांत सगळ्या अमेरिकेने मिळून जेवढे तेल काढले, तेवढे हे तेल. एवढा प्रचंड साठा नव्याने सापडला असे धरले, तरी शिखर पुढे ढकलले गेले अवघे पाच वर्षे! चक्रवाढीचा हा प्रताप आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगाचा तेलाचा वापर दरसाल शेकडा सातच्या आसपास वाढत होता. ह्या चालीने वापर दहा वर्षांत दुप्पट होतो. मग कोणी येऊन सांगितले की बाबांनो, तुमच्या कोठारात वाटत होते त्याच्या दुप्पट धान्य आहे, तर ते कोठार किती जास्त पुरेल? सुमारे दहा वर्षे. साठा दुप्पट झाला म्हणजे मुदतही दुप्पट झाली असे आपले मन परस्पर समजून चालते, आणि वर्तमानपत्रांतले मथळेही त्याच समजुतीवर लिहिले जातात.

पुढे हबर्टने हाताने रेघ काढण्याचे सोडून समीकरण घेतले. ते मूळचे त्याचे नव्हे. व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्येसाठी ते मांडले होते. त्याचे मर्म सांगण्यास मोठा वाडा पुरे. वाड्यात एखादी बातमी पसरण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: बातमी ठाऊक असलेले किती, आणि ठाऊक नसलेले किती. आरंभी सांगणारे थोडे, म्हणून वेग कमी. शेवटी ऐकायचे राहिलेले थोडे, म्हणून पुन्हा वेग कमी. निम्म्या वाड्याला कळलेले असते तेव्हा कुजबूज सर्वांत जोरात चालते. तेलाच्या बाबतीत असे धरले, की जितके तेल काढले तितके भूगर्भाचे ज्ञान, यंत्रे, नळ आणि गिऱ्हाइके वाढली. परंतु तितकेच शिल्लक तेलही घटले. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या वर्षीचे उत्पादन. निम्मे तेल निघाले की शिखर.

ह्या समीकरणाची एक युक्ती फार लोकप्रिय झाली. दर वर्षीच्या उत्पादनाला तोपर्यंतच्या एकूण उत्पादनाने भागावे, आणि येणारा भागाकार त्या एकूण उत्पादनासमोर मांडावा. समीकरण खरे असेल तर सगळे बिंदू एका उतरत्या सरळ रेषेत येतात. फूटपट्टीने ती रेषा तशीच पुढे वाढवली की जेथे ती जमिनीला टेकते तो अखेरचा एकूण साठा. विहिरी नकोत, भूगर्भशास्त्रज्ञ नकोत. पेन्सील आणि पट्टी पुरे. असली युक्ती हाती आल्यावर तिचा मोह कोणाला पडणार नाही? पण तिच्यात एक मेख आहे. भाजक दरसाल वाढतच जाणार, तेव्हा भागाकार बहुधा उतरणारच. आणि भाजक जसजसा फुगतो तसतसे एखाद्या वर्षातले चढउतार त्यात बुडून जातात. रेषा सरळ दिसते ती पुष्कळदा निसर्गाच्या नियमामुळे नव्हे, तर भागाकाराच्या ह्या स्वभावामुळे.

हबर्टला विरोध झाला तो मात्र ह्या मुद्द्यावर नव्हे. अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्यातील झॅप ह्या शास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास हिशेब मांडला की देशात अखेर ५९० अब्ज पिंपे निघतील, म्हणजे हबर्टच्या मोठ्या आकड्याच्याही जवळजवळ तिप्पट. त्याने धरले होते की आजवर दर फूट खोदाईमागे जितके तेल सापडले तितकेच पुढेही सापडत राहील. हबर्टने खोदाईचा इतिहास तपासून दाखवले की दर फुटामागे सापडणारे तेल १९३०च्या दशकानंतर वेगाने घटलेले आहे. आंब्याच्या झाडाखालून जाणाऱ्या पोरालाही हे कळते: मोठे आणि हाताशी आलेले फळ आधी जाते, शेंड्यावरच्या बारक्या कैऱ्या राहतात. त्याखेरीज हबर्टने आणखी एक गोष्ट मांडली. उत्पादनाची रेघ शोधांच्या रेघेमागून दहा-अकरा वर्षांच्या अंतराने चालते. आणि अमेरिकेत शोधांचे शिखर १९५७च्या सुमारासच होऊन गेलेले होते. चौकोनांच्या गणितापेक्षा हा पुरावा मला अधिक बळकट वाटतो. त्यात साठ्याचा अंदाज कोणाकडूनही उसना घ्यावा लागत नाही.

मग १९७० उजाडले. त्या साली अमेरिकेत दररोज सुमारे ९६ लाख पिंपे तेल निघाले, आणि पुढच्या वर्षी कमी. त्या वेळी हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शिखर हे ओलांडून गेल्यावरच ओळखू येते. उंचीच्या बाबतीत हबर्ट चुकला होता: त्याने वर्षाला सुमारे ३ अब्ज पिंपे म्हटले होते, प्रत्यक्षात साडेतीन अब्ज निघाली. पण वर्ष बरोबर ठरले. टेक्सासमध्ये तेल किती काढायचे हे ठरवण्याचा अधिकार रेल्वे कमिशनकडे होता (रेल्वेचा आणि तेलाचा संबंध काय, असे विचारू नका, कायद्याच्या वाटा वाकड्या असतात), आणि भाव पडू नयेत म्हणून ते वर्षानुवर्षे विहिरींना लगाम घालीत आले होते. १९७२ साली कमिशनने लगाम पुरता सोडला, विहिरी शंभर टक्के चालू द्या म्हटले. आणि उत्पादन म्हणावे तसे वाढेना. त्यानंतर दीड वर्षात, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेच्या हाती राखीव विहिरी उरल्या असत्या तर ते हत्यार बोथट झाले असते. आपल्या देशात त्या वर्षीची महागाई ज्यांनी काढली त्यांना तिचे वर्णन सांगायला नको.

ह्या एका यशाने हबर्ट पूज्य ठरला आणि त्याची पट्टी साऱ्या जगावर ठेवण्यात आली. तेथून गणित फसत गेले. १९५६ साली त्याने स्वतःच जगाचा साठा १२५० अब्ज पिंपे धरून शिखर २००० सालाच्या सुमारास सांगितले होते, वर्षाला साडेबारा अब्ज पिंपांच्या उंचीचे. ती उंची जगाने १९७०च्या आधीच मागे टाकली, आणि २००० साली उत्पादन तिच्या दुपटीच्या पुढे होते. १९६९ साली त्याने साठा १३५० ते २१०० अब्ज धरून १९९० ते २००० ही वर्षे दिली. १९९८ साली कॉलिन कॅम्बेल आणि झां लाहेरेर ह्या दोघां अनुभवी तेलशास्त्रज्ञांनी सांगितले की २०१० च्या आत उतरण लागेल. हबर्टबरोबर काम केलेल्या आणि पुढे प्रिन्स्टनला प्राध्यापक झालेल्या केनेथ डेफीस ह्यांनी तर अर्ध्या गमतीने २००५ सालच्या नोव्हेंबरातला अमेरिकन आभारदिनाचा मुहूर्तच काढून दिला. २००८च्या जुलैत तेल १४७ डॉलरला पोहोचले तेव्हा सगळ्यांना वाटले, आलेच ते.

आता डेफीस ह्यांची सरळ रेषा घेऊन एक हिशेब करू. त्यांच्या रेषेप्रमाणे जगाचा अखेरचा साठा सुमारे २००० अब्ज, आणि आरंभीचा भागाकार शेकडा पाच. आज जगाने काढलेले तेल दीड हजार अब्जांच्या पुढे गेले आहे, म्हणजे ह्या हिशेबाने पाऊण भाग संपला, पाव उरला. पाचाचा पाव म्हणजे सव्वा; दीड हजार अब्जांवर शेकडा सव्वा म्हणजे वर्षाला सुमारे १९ अब्ज पिंपे. रेषा खरी असती तर आज जगाला एवढेच तेल मिळाले असते. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे ३० अब्ज निघत आहेत. ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

असे का व्हावे? अमेरिकेत जमीन सगळ्यांना खुली होती, हजारो लहानमोठे लोक शंभर वर्षे खणत होते, आणि जमाखर्च छापील होते. मोठ्या संख्येत एकेकाचे लहरीपण मिटून जाते, म्हणून रेघ गुळगुळीत आली. जगाचे तसे नाही. १९७९ नंतर चार वर्षांत जगाचे उत्पादन सुमारे सातव्या हिश्शाने घटले. त्याला कारण भूगर्भ नव्हता, इराणमधली क्रांती, युद्ध आणि चढलेले भाव होते. व्हेरहुल्स्टच्या समीकरणाला राजकारण कळत नाही. शिवाय साठ्याचे आकडे! १९८०च्या दशकात तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेत साठ्याच्या प्रमाणात वाटे ठरण्याची चर्चा निघाली आणि एकामागून एक देशाचे साठे कागदावर फुगले. सौदी अरबस्तानचा सुमारे १७० अब्जांचा साठा त्या दशकाच्या अखेरीस २५५ अब्जांवर गेला. त्या मानाने नवे शोध लागलेले दिसत नाहीत. अशा आकड्यांवर कसले गणित करायचे?

पण सर्वांत मोठा धक्का आला तो हबर्टच्या स्वतःच्या टेक्सासातून. तेथे शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक आहे. कंपनी निराळी आणि हा खडक निराळा. त्यात तेल आहे हे भूगर्भशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते, पण ते सुटत नसे. विहीर खोल नेऊन आडवी वळवायची आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडायचा, ही जोड जमल्यावर ते सुटले. २००८ साली अमेरिकेचे उत्पादन दिवसाला ५० लाख पिंपांपर्यंत उतरले होते. २०१८ साली त्याने १९७० चा उच्चांक मोडला आणि २०२४ साली ते १ कोटी ३२ लाखांवर होते.

तेव्हा एम.आय.टी.चे ॲडलमन ह्यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ जे म्हणत आले, की साठा ही निसर्गाने मोजून ठेवलेली राशी नसून भाव आणि कसब ह्यांनी लहानमोठे होणारे कोठार आहे, ते खरे ठरले काय? अर्धे. २०१० साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात म्हटले की नेहमीच्या प्रकारचे कच्चे तेल २००६ सालीच शिखराला पोहोचून गेले आहे. म्हणजे ज्या तेलाबद्दल कॅम्बेल बोलत होते त्या तेलापुरते ते फारसे चुकले नव्हते. मधल्या काळात 'तेल' ह्या शब्दाचा अर्थ रुंदावला. आणि हे नवे तेल स्वस्त नाही. शेल खडकातल्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक घटते. आहे तेथे राहायचे तरी नव्या विहिरी सतत पाडाव्या लागतात. हबर्टच्या समीकरणातला दोष रेघेच्या आकारात नाही, तर त्याला पुरवलेल्या त्या एका आकड्यात आहे, अखेरच्या एकूण साठ्यात. तो आकडा गणित देत नाही, गणित तो मागते. जेथे क्षेत्र जुने आहे, चहूकडून खणून झाले आहे, तेथे तो आकडा बराचसा ठरलेला असतो आणि भाकीत उतरते. जेथे तो ठरलेला नाही, तेथे समीकरण आपलाच अंदाज शास्त्राच्या वेषात आपल्याला परत करते.

चुकीच्या भाकितांची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. तेल आता महागच होत जाणार ह्या हिशेबाने अमेरिकेने १९८० साली कोळशापासून कृत्रिम तेल करण्यासाठी सरकारी महामंडळ काढले आणि भाव कोसळल्यावर सहा वर्षांत ते गुंडाळले. उलट, तेल मुबलक आहे असे धरून चालणाऱ्याची गत काय होते हे आपण भोगले आहे. १९९०च्या आखाती पेचात भाव भडकले, आधीच रोडावलेली परकी चलनाची गंगाजळी आटली, आणि १९९१ साली देशाचे सोने परदेशी गहाण पडले. आज आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल बाहेरून येते.

अलीकडे हा वाद उलटा झाला आहे. तेल कमी पडेल केव्हा, ह्याऐवजी तेलाची गरज ओसरेल केव्हा, असे विचारले जाते. २०२३ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मागणीचे शिखर २०३० च्या आत सांगितले. २०२५च्या अहवालात, आजची धोरणे आहेत तशीच राहिली तर मागणी २०५० पर्यंत वाढतच जाईल, अशीही एक वाट तिने दाखवली. विजेवरच्या मोटारींच्या प्रसाराचे अंदाज काढताना मंडळी पुन्हा व्हेरहुल्स्टचेच समीकरण वापरतात.

शेवटी आपल्या समुद्राकडे येतो. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात १९७४ साली 'सागर सम्राट' ह्या तरत्या खोदयंत्राने तेल शोधले. एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर त्याचे चित्र आहे, ते पुष्कळांनी न पाहता खर्च केले असेल. १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शिखराला पोहोचले आणि मग उतरले. येथे क्षेत्र एकच, मालक एकच, विहिरी मोजलेल्या, दाबाच्या नोंदी वर्षानुवर्षांच्या. हबर्टचे गणित चालायचे तर अशा ठिकाणी चालावे, आणि ढोबळ मानाने ते चाललेही. तरी रेघ गुळगुळीत नाही. २०००च्या सुमारास तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने क्षेत्राच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले, नव्या विहिरी पाडल्या, आणि उतार काही काळ मंदावला. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील रेघेला तर उंटासारखी दोन मदारे आहेत, १९८५ आणि १९९९ ची; मधल्या खळग्यात १९८८ची पायपर आल्फा ह्या तेलफलाटावरची आग आहे, जिच्यात १६७ माणसे गेली आणि सुरक्षेच्या कामांसाठी फलाटामागून फलाट बंद ठेवावे लागले.

मुंबई हायचे आजचे उत्पादन शिखराच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२५ साली महामंडळाने ते सावरण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीशी दहा वर्षांचा तांत्रिक साहाय्याचा करार केला. करारात योजलेली वाढ सगळीच्या सगळी पदरात पडली, तरी ती रेघ १९८०च्या दशकातल्या उंचीच्या बरीच खाली राहील.